डोंगर वगळून सनई

दीप्तीच्या पत्राला महिपती सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. सर महाडच्या शाळेत ग्रंथपाल होते तेव्हाची ही विद्यार्थिनी. आता मुंबईत संगणकावर वाद्यवृंद रचायची. सर फोन उचलत नाहीत, म्हणून तिने कागदावर लिहिलं होतं: ‘सर, तुमच्या भागातली सनई हवी आहे, एकेक सूर सुटा. मोठ्या दालनात ध्वनिमुद्रित केलेले सूर मिळतात, पण त्यांतला घुमारा मागाहून काढता येत नाही. मला कोरडा आवाज हवा. घुमारा मी नंतर हवा तेवढा घालीन.’ सोबत रेकॉर्डरही पाठवला होता.

सरांनी उत्तराचे मसुदे केले आणि फाडले. ‘जमेल’ लिहावं तर खात्री नव्हती, ‘जमणार नाही’ लिहायला धीर नव्हता. आजवर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून वेळेत गेलं नव्हतं; लग्नही त्यातच राहून गेलं होतं. शेवटी आधी काम करू, मग कळवू, असं ठरवून ते पोलादपूरच्या एसटीत बसले.

पोलादपूरजवळच्या वाडीत भागोजी राहायचा. ढोल-सनईच्या खालूबाजात सनई त्याची. खोऱ्यातली बहुतेक लग्नं त्यानेच वाजवलेली.

“डोंगर वगळून वाजवू?” घुमारा नको हे ऐकून भागोजी म्हणाला. “सर, निम्मी सनई तर डोंगरच वाजवतो.”

“म्हणून तर खोली बंद करायची. भिंतींना गोधड्या लावू.”

घरातल्या गोधड्या पुरेनात. सर दारोदार मागायला गेले. येसूबाईने विचारलं, “एवढ्या कशाला वो?” घुमारा समजावून सांगायचा म्हणजे आधी वाक्य जुळवणं आलं. सर म्हणाले, “पाहुणे येणार आहेत.” उत्तर सोपं निघालं, म्हणून पुढच्या प्रत्येक दारात तेच दिलं.

दुपारी गोधड्या टांगल्या. खिडकीवरची काही केल्या राहीना, म्हणून भागोजीची विधवा बहीण मैना ती धरून उभी राहिली. दार लावलं. भागोजीने ‘सा’ लावला आणि स्वतःच दचकला.

“मेली की काय ही?”

“छान आहे. आता पुढचा,” सर म्हणाले आणि खाजवू लागले. कुणाच्या तरी गोधडीत ढेकूण होते.

“गांधी उठल्यात. हलू नका,” म्हणत मैनाने हळद कालवली, सरांच्या दोन्ही गालांना आणि हातांना लावली, आणि पुन्हा गोधडी धरली.

बाहेर येसूबाईने कान दिला. भागोजीची सनई अशी दबून कधी वाजली नव्हती. पाहुण्यांसाठी गोधड्या, सनई, वर बंद दार. “चोरून लगीन लावतायत गो,” ती शेजारणीला म्हणाली. शेजारणीने भागोजीचा मुंबईतला पुतण्या दत्ताराम याला फोन लावला. त्याने विचारलं, “कुनाचं?” ते बघायला येसूबाईने दार ढकललं.

आत हळद लागलेले सर, जवळ मैना, समोर सनई.

“गोधड्या आमच्या चालल्या,” येसूबाई म्हणाली, “आमी तेवढं नाय चाललो.”

“आत्याचं लगीन?” फोनमधून दत्ताराम म्हणाला. “अरे, लीव तरी टाकली असती.”

सरांनी खुलासा सुरू केला. “त्याचं असं आहे, आवाज दोन प्रकारचा असतो…”

“लाजू नका, सर,” मागून कुणीतरी म्हणालं. तोवर एका घरातून टॉवेल-टोपीचा आहेरही आला.

“मैने, तू तरी सांग,” भागोजी म्हणाला.

मैनाने गोधडी सोडली नव्हती. “मी काय सांगू? मला कुनी इचारलंच नाय. इचारलं असतं तर बघितलं असतं.”

सगळी वाडी सरांकडे बघू लागली. मसुदा करायला कागद नव्हता.

“विचारू का?” सर म्हणाले.

“आता इचारलंतच की,” मैना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सरांनी दीप्तीला लिहिलं: ‘सूर कोरडे मिळाले, पण प्रत्येक सुरामागे कुणीतरी बोलतं आहे. पुन्हा प्रयत्न करता येईल, मात्र सनईवाला आता बंद खोलीत यायला तयार नाही. रविवारी तो अंगणात वाजवणार आहे, डोंगरासकट. निमित्त घरचंच आहे. तू यावंस.’

टपालपेटीपाशी सर थबकले. ‘निमित्त घरचंच आहे’ हे जरा धीट झालं का, घरी जाऊन नव्याने लिहावं का, असं ते म्हणत होते, तोवर मैनाने पाकीट त्यांच्या हातातून घेतलं आणि पेटीत टाकलं.