नानांच्या तीन परवानग्या

तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांच्या नाकासमोर फाईल धरून, "साहेब, आपल्याला बघायची परवानगी आहे, हात लावायची नाही," असं सांगणारा कारकून तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्याच घरात भाड्याने राहिलेय!

त्यांना सगळे नाना म्हणत. धुळ्याच्या आमच्या कचेरीत ते दप्तरखाना सांभाळायचे आणि मी जळगावहून बदलून आलेली टायपिस्ट. त्या काळी एकट्या बाईला खोली कोण देणार? नानांनीच आपली पुढची खोली दिली. बायको वारलेली, घरात ते आणि त्यांची मुलगी कमल. नाना कचेरीत चांगलं पुस्तकी बोलत, पण घरी आले किंवा चिडले की अहिराणी सुरू.

नानांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूच्या तीन परवानग्या असतात. बघायची वेगळी, हात लावायची वेगळी आणि तिच्यात फेरफार करायची वेगळी. ज्याला पहिली आहे त्याला दुसरी असेलच असं नाही. "सुमनताई, बठ्ठा, सगळा घोटाळा इथेच होतो," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी मान डोलावली. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

मग ते मोठे साहेब आले. बाहेरच्या माणसाने फाईल हाताळायची तर आमच्या कचेरीप्रमुखांची संमती लागे आणि ते नेमके दौऱ्यावर! झालं. नानांनी फाईल स्वतःच्या हातात उघडून धरली, साहेब मान वाकडी करून वाचतायत, आणि पान संपलं की म्हणतायत, "हं, पुढचं." एकदा साहेबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटायला हात पुढे केला, तर नानांनी फाईलच मागे घेतली. अगबाई! माझ्या टाइपरायटरवरची बोटं तिथेच थिजली. आता नानांची नोकरी जाते असं आम्ही सगळे धरून बसलो होतो. तर साहेब मान चोळत उठले आणि म्हणाले, "या माणसाला इथून हलवू नका." मला आजही ते खरं वाटत नाही.

बरं, हा जाच दुसऱ्यांनाच असता तर एक वेळ चाललं असतं. जुन्या कागदांचं लोखंडी कपाट उघडताना आपण आणि हेडक्लार्क असे दोघे हजर पाहिजेत, हा नियम नानांनीच केलेला. उंदरांच्या भीतीने ते आपला डबाही त्यातच ठेवायचे. एक दिवस हेडक्लार्कना नरडाण्याहून सासरे आजारी असल्याचा निरोप आला आणि ते तडक गेले. दुपारी आम्ही जेवायला बसलो, तर नाना कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेले. आतून भरताचा वास येतोय आणि किल्ली त्यांच्या जानव्याला!

"नाना, उघडा की! आम्ही कुण्णाला सांगणार नाही."

"तुम्ही नाही सांगणार, पण माले तर कळंल ना?"

मी कपाळाला हात लावला. दिलेली भाकरीसुद्धा घेतली नाही त्यांनी. अख्खा दिवस उपाशी! असल्या माणसाला म्हणावं तरी काय?

घरी तर विचारूच नका. पाहुण्यांसमोर शेवेचा डबा उघडायचा, पण हात घालायचा नानांनी. रेडिओ सगळ्यांनी ऐकायचा, कान मात्र कमलनेच पिळायचा. शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. कमल मात्र शांत. आईच्या माघारी तिनेच घर ओढलेलं होतं.

तिला पुण्याला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. निवडही झाली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. नानांना विचारलं, तर म्हणाले, "विचार चालू शे." बुधवारी तेच, शुक्रवारी तेच. पोरीने ट्रंक भरून ठेवलेली, पण झाकण लावायचं तिला धाडस होईना. शनिवारी रात्री स्वयंपाकघरातून तिचं मुसमुसणं ऐकू आलं आणि माझं डोकंच फिरलं. एका पोरीचं आयुष्य म्हणजे काय दप्तरखान्यातली फाईल आहे?

रविवारी सकाळी मी सरळ उभी राहिले त्यांच्यासमोर. "नाना, पुरे झालं! तिला जायची परवानगी आहे की नाही, ते एकदा तोंडाने सांगा."

नाना दचकले. मग कमलकडे वळले.

"जाय ना, बेटा. तुले मी कसाले अडावू?"

मी गारच! मग इतके दिवस हा माणूस कसला विचार करत होता? नानांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून कमलसमोर उभे राहिले. कचेरीत शिपाई साहेबांसमोर उभा राहतो ना, तसे. आवाज इतका खाली की मला पुढे व्हावं लागलं.

"मी येऊ का तठे, तुले देखाले? कोन्हाले इचारनं पडस तठे?"

नर्सच्या वसतिगृहात भेटीची वेळ ठरलेली असते, बाप असला तरी विचारल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे कमलला पक्कं माहीत होतं आणि मलाही. तिने डोळे पुसले.

"कोन्हालेच नही, नाना. बापले कोन अडावस?"

नानांचा विश्वास बसेना. "कोन्हालेच नही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमनताई, खरं?"

"खरं, नाना," मी म्हटलं. "अगदी खरं."

ते मटकन पायरीवर बसले आणि टोपीत तोंड खुपसून लहान पोरासारखे रडले.