कावळ्याला दिलेला शब्द

देवरामतात्यांच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. गोदाकाठी उन्हं चढली, पाऊण तास झाला, तरी समोरच्या भिंतीवरचे पाच-सहा कावळे पिंडाकडे पाठ फिरवून बसलेले. नामपूरहून आलेले धाकटे भाऊ दत्तूकाका पुटपुटले, "भाऊनी कायतरी इच्छा राही गई शे."

मग इच्छा पुरवायची चढाओढच लागली. काकांनी भाऊबंदांशी चाललेला बांधाचा वाद मिटवायचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. नातवाला इंजिनिअर करायचं ठरलं. एका कावळ्याने चोच घासली, तेवढंच. शेवटी तात्यांचा मुलगा शेखर वैतागला. फरशीने त्याचे तळपाय भाजत होते.

"तात्या, तुमची स्कूटर भंगारात देत नाही! दुरुस्त करतो, तेराव्याला आईला तिच्यावर बसवून देवदर्शनाला नेतो! आता तरी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. भंगारवाला त्याच संध्याकाळी यायचा होता, हे बहुधा त्याला ठाऊक असावं.

"सगळ्यांच्या देखत बोललास बरं," गोजराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता चालू नाही झाली, तर तुझ्या वडिलांचा जीव त्या डबड्यात अडकून राहील."

नवऱ्याच्या स्कूटरला त्या डबडंच म्हणायच्या, आणि रागानेच म्हणायच्या. तात्या कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले की दोन तासांनी उगवायचे. कधी ओळखीच्या लंकाबाईंच्या ओट्यावर, कधी चहाच्या टपरीवर. आता भेटायला येणारा प्रत्येक जण गहिवरून सांगत होता, "तात्या रोज आमच्याकडे थांबायचे हो!" ते ऐकून गोजराबाईंचं तोंड आणखी बारीक होई. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्यापाशी असा निवांत कधी थांबला होता?

तात्या अंथरुणाला खिळले तेव्हापासून, म्हणजे सहा महिने, स्कूटर इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. शेखरने पन्नास किका मारल्या. ती नुसती खोकली. भेटायला येणारी मंडळी फोटोला नमस्कार करत आणि मग हळूच विचारत, "चोक ओढून बघितला का?" मग सगळे खाली. एकाने प्लग काढून घासला. दुसऱ्याने गाडी आडवी पाडली. "पेट्रोल उतरतं असं केलं की," तो म्हणाला. पेट्रोल उतरलं, पण फरशीवर. वर फोटोसमोर एकट्या गोजराबाई उरल्या.

अकराव्या दिवशी सावळीराम मेकॅनिक आला. स्कूटर वर्षानुवर्षं त्याच्याच हातातली. त्याने कार्बोरेटर खोलून उजेडात धरला. "जेट बंद झालंय, पेट्रोल जायची वाटच बुजली. आत पेट्रोल सुकून पार चिकट झालंय, शेखरभाऊ."

त्याने जेट फुंकलं, टाकीतला गंज धुतला, नवं पेट्रोल भरलं. तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली आणि पार्किंग धुराने भरलं. गोजराबाईंनी गॅलरीतून हात जोडले. शेखर फेरी मारायला निघाला, तो दोन किलोमीटरवर, नेमका लंकाबाईंच्या दारात, बंद पडला.

पेट्रोल आहे का बघायला त्याने टाकीचं झाकण उघडलं. होतं. झाकण लावून किक मारली तर गाडी सुरू! तेवढ्यात लंकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "अगदी तात्यांवाणी थांबलास रे!" म्हणून त्यांनी हंबरडाच फोडला. शेखरला पाणी प्यावं लागलं. पुढच्या दोन किलोमीटरवर टपरी आली आणि चहा प्यावा लागला.

बाराव्याला सावळीरामने कार्बोरेटरची पिन बदलली, कॉइल बदलली. शेखरने त्या दिवशी चार ठिकाणी चहा घेतला. त्याला आता झोपेतही वडील कुठंतरी अडकलेले दिसत होते. आपण दिलेला शब्द खोटा पडणार, या विचाराने जेवण जाईना.

तेराव्याला तो तरीही आईला मागे बसवून निघाला. लंकाबाईंच्या दारात गाडी बंद पडलीच. फोन केल्यावर सावळीराम टपरीवाल्याला मागे बसवून आला, घरातून लंकाबाई तांब्या घेऊन आल्या. शेखरने सवयीने झाकण फिरवलं. फुस्स!

"थांबा!" सावळीराम ओरडला. "हवा ओढली तिनं!"

त्याने झाकण उलटं करून त्याच्या बारीक भोकात टाचणी घातली. हिरवा कण निघाला. त्याखाली गुलाबी, त्याखाली पांढरा. सावळीरामने वास घेतला. "साबण हाय! झाकणातून हवाच जात नाय, मग पेट्रोल अडतं. जरा थांबलं की परत चालू. तरीच तात्या मला म्हणायचे, झाकण सोडून कशालाही हात लाव."

शेखरला तेरा दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. "म्हणजे तात्या कुणाकडे थांबत नव्हते! गाडीच बंद पडायची!"

टपरीवाल्याचा चेहरा पडला. लंकाबाईंनी तांब्या मागे घेतला.

गोजराबाई मात्र सावळीरामच्या तळहातावरच्या त्या कणांकडे बघत होत्या. "साबण मीच दिला होता," त्या म्हणाल्या. "मागं बसलं की पेट्रोलच्या वासानं मळमळायचं मला. मी बसणार नाही म्हटलं, तेव्हा यांनी न्हाणीतला तुकडा मागून घेतला. वास गेला. मग गाडी जिथंतिथं थांबायला लागली. मला वाटलं, यांना लोकांतच रमायचंय. मी रागानं बसायचंच सोडलं."

"कधीची गोष्ट?" शेखरने विचारलं.

"तू चौथीत होतास."

शेखरने मनातल्या मनात हिशेब केला आणि त्याचं हसू विरलं. इतकी वर्षं तात्या साबण भरत राहिले होते आणि मागची सीट रिकामीच होती. सावळीराम घसा खाकरून म्हणाला, "वैनी, भोक मोकळं ठेवू का परत बुजवू?"

"मोकळं ठेव."

स्कूटर निघाली. दोन किलोमीटर गेले, चार गेले, इंजिन एका सुरात चालत राहिलं. शेखरला पाठीमागे आईचा श्वास जड झाल्यासारखा वाटला.

"आई, वास येतोय का?"

"येतोय."

"थांबू जरा?"

गोजराबाईंनी त्याच्या खांद्यावरचा हात घट्ट केला. "नको," त्या म्हणाल्या. "आता कुठंच थांबू नकोस."