मेलेला माल आणि वामनरावांचा भोंगा

अंजनगाव सुर्जीहून परतवाड्याकडे निघालात की वाटेत वामनरावांचं गाव लागतं. गाव तसं लहानच, पण वामनरावांचा तोरा चार गावांना वाटून उरेल एवढा! त्या दिवशी पारावर बसून त्यांनी जाहीरच करून टाकलं, "रविवारी अमरावतीहून गाडी येऊन राह्यली. मेलेले सेल, जळलेले पंखे, फुटके मिक्सर, सारं नीट मोडून कामी लावते. गावातला एक बी सेल उकिरड्यावर राह्यला, तं म्या पारावर बसनं सोडलं!"

पार सोडणं म्हणजे वामनरावांनी अन्नपाणीच सोडणं. पण त्यांचा संतापही तसाच होता. गावात सेल संपला की जायचा उकिरड्यावर, उकिरड्याचं खत जायचं वावरात, आणि परवा निंदताना त्यांच्या बायकोला, पार्बताबाईंना, वांग्याच्या बुडाशी फुटून ओघळलेला सेल सापडला होता. तो पाहून वामनरावांना घास जाईना. "हे विष आपन वांग्याले पाजून राह्यलो, आन् वांगे लोकाईले खाऊ घालून राह्यलो!"

मग काय! वामनरावांचं सारं अंगण कामाला लागलं. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, फुगलेल्या बॅटऱ्या कोरड्या वाळूच्या टोपल्यात वेगळ्या ठेवायच्या, हे त्यांनी घरोघरी जाऊन शिकवलं. कुणी दोन सेल उघडे आणले तर त्याला दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या आशाबाईंनी लग्नातला मिक्सर आणला तो हळदकुंकू लावूनच. राबलेल्या अवजाराला वऱ्हाडात कोरडं कपाळ ठेवून कोण धाडतं? "चटन्या वाटता वाटता म्हतारा झाला बिचारा," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मुहूर्ताचा माल मात्र वामनरावांचा होता. वावरातली रानडुकरं हाकलायला त्यांनी बॅटरीवरचा भोंगा लावला होता. त्यात आवाज भरलेला खुद्द त्यांचाच, दर थोड्या वेळानं गर्जणारा! तो भोंगा मुका झाला, म्हणून हार घालून त्यांनी तो अंगणाच्या मधोमध ठेवला. त्यावर गावाचा ढीग चढत गेला. साऱ्या गावाच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या वामनरावांनी स्वतःच्या भोंग्याचं बटण तेवढं पाहिलं नाही. मेलेल्याची नाडी कोण पाहतं हो?

रविवारी गाडी आली. माल गोळा करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम उतरल्या, मागून ड्रायव्हर गोपालभाऊ. ओसरीच्या पत्र्याएवढा उंच ढीग पाहून मॅडम थक्क झाल्या आणि वामनरावांची छाती सदऱ्यात मावेना.

"आधी नाश्ता, मंग माल! आमच्या गावाची रीत हाय." त्यांनी गरम आलुबोंड्यांची ताटं पुढं केली.

तेवढ्यात त्यांचा पुतण्या सागर आपल्या घरचा जुना कूलर घेऊन धावत आला आणि त्यानं तो धाडकन ढिगावर आदळला. ढीग हादरला. तळाशी कुठलीशी सुटलेली तार पुन्हा जागेवर टेकली. मॅडमनी आलुबोंड्याला हात लावला मात्र...

"हाऽऽड! आलं का खायले!"

मॅडमचा हात थांबला. आवाज हुबेहूब वामनरावांचा! ते तर समोर हात जोडून हसत उभे.

"घ्या ना मॅडम, लाजू नका!"

"फुकटचं हाय काय? निंग! निंग इथून!"

गोपालभाऊंचा घास घशातच अडला. "मॅडम, हे तं गजबच मानूस हाय! तोंडानं घ्या म्हनते आन् पोटातून निंग म्हनते! चाला, बसा गाडीत!"

ताट खाली ठेवून त्यांनी गाडी सुरू केली. वामनरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. गाडी रिकामी गेली, तर हा सगळा ढीग परत घरोघरी, आणि घरातून थेट उकिरड्यावर! ते गाडीपुढं आडवे झाले.

"म्या नाई बोललो! माहा भोंगा बोलून राह्यला!"

"कोठी हाय भोंगा?"

"ढिगाच्या बुडाशी!"

"टांगडीच तोडतो!" भोंगा गरजला. गोपालभाऊंनी गाडी मागं घेतली.

शेवटी पार्बताबाईंनी पदर खोचला. "पाह्यता काय बाप्पा! उचला ढीग, काढा भोंगा! आन् एकेक चीज त्या गाडीतच ठेवत चाला!"

गाव तुटून पडलं. एरवी एक पंखा उचलायला चौघं बोलावणारी माणसं एकट्यानं टीव्ही घेऊन धावत होती. भोंगा तळातून "निंग! निंग!" ओरडे आणि हात आणखी जोरात चालत. बॅटऱ्यांचं टोपलं मात्र वामनरावांनी कुणाला दिलं नाही. बाळंतिणीनं तान्ह्याला न्यावं तसं ते त्यांनी स्वतः गाडीत नेऊन ठेवलं. हसून हसून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अंगण मोकळं झालं, भोंगा सापडला. मॅडमनी बटण बंद केलं.

"काका, इतका नीट बांधलेला माल मला कुठल्याच गावात मिळाला नाही. तुमच्या गावाचं खरंच कौतुक आहे! पण हा भोंगा चालतोय. चालतं ते आम्ही मोडत नाही, तुम्ही वापरा."

म्हणजे साऱ्या गावानं दिलं, आणि वामनरावांच्या घरचं काहीच गेलं नाही! पण त्यांना त्याचं काय! संध्याकाळी भोंगा मांडीवर घेऊन ते पारावर ताठ बसले होते.

"रानडुकराचं काय घेऊन बसले लेकहो! अमरावतीची गाडी हालवली माह्या आवाजानं!"

वैरणीचा भारा घेऊन चाललेल्या पार्बताबाई थांबल्या.

"गाडी हालली, खरं हाय. डुकरं तं कधी हालली नाईत. औंदाचा भुईमूग सारा ह्याच भोंग्याखाली बसून खाल्ला त्याईनं!"