कोब्यास तीन कोरडे दिल्याची हकिगत

श्री. आकाश ओले, भिंती ओल्या, दफ्तर ओले, शाई तेवढी वाळली आहे ऐसे समजोन लिहिले ते येणेप्रमाणे जे. शके एकोणीसशे सोळा, भाव नाम संवत्सर, आश्विन मास ते समयी समुद्रकाठी एक राज्य होते. त्यात आठ महिने पाऊस पडे आणि उरले चार महिने त्याची ओल वाळत घालण्यात जात. मिठाचे पाणी होई, पापड वाकत, आणि चामडी जोड्यांस मिशा फुटत. राजवाड्यापुढे मोठा चौक होता, त्यास थोरल्या महाराजांनी काँक्रीटचा कोबा करविला होता; काँक्रीट म्हणजे ओतता येणारा पाषाण, ऐसी त्याची ख्याती. परंतु त्या पाषाणावर हिरवे शेवाळ धरी, ते दिसण्यात मखमल आणि वागण्यात लोणी. गतवर्षी दसऱ्यास खासा स्वारी दरबारास निघाली ती चौकाचे मध्यावर आडवी जाहली, आणि धनी भुईवर असता चाकरांनी उभे राहणे ही बेअदबी म्हणोन बेचाळीस मानकरी आपापले जागी, वयोमानाप्रमाणे, सावकाश पडले. त्यातील अकरा जणांस सोंग करावे लागले नाही.

चौकाचा कारभार सटवोजी चौकनीस यांजकडे. चौकनिशी तीन पिढ्यांची. गृहस्थ नेमस्त, पागोटे सरळ, आणि रोज प्रातःकाळी दफ्तरी "कोबा कोरडा" ऐसी नोंद करी. बापाने तीच केली, आज्याने तीच केली, त्यामुळे दफ्तर पाहता त्या राज्यात साठ वर्षे पाऊस पडलाच नव्हता. त्यास महाराजांनी आश्विन शुद्ध द्वितीयेस बोलावणे पाठविले आणि बोलिले, "सटवोजी, यंदा दसऱ्यास व्याही येणार. आम्ही पडलो ते घरातल्या घरात राहिले. व्याही पडले तर आमची लेक जन्मभर टोमणे ऐकेल. एक पाय जरी घसरला, तरी तुमची चौकनिशी तुमच्या मेहुण्यास देऊ. तो रोज विचारतोच आहे." सटवोजीने मुजरा केला आणि मनी म्हटले की, नोकरी गेली तर जावो, परंतु मेहुण्याच्या हाताखाली तोच कोबा झाडणे हे काही खरे नव्हे.

मग शेजारराज्यीचे एका नामांकित लेपकऱ्याकडोन आधीच मागविलेले सामान त्याच दिवशी पोचले: सीलर नामक लेपाची चार पिंपे, ब्लीचिंग पावडरीच्या सहा गोणी, आणि सोबत मोडी पत्र. पत्र चार दिवस नावेत भिजत आले होते. ते रंगोपंत पत्रनीस यांनी उघडिले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, कारण हवाच तैसी, आणि वाचिले ते ऐसे: "कोबा काथ्याचे ब्रशाने घासावा, पावडर टाकावी, धुवोन काढावा, मग त्यास तीन कोरडे" येथे शाईचा एक डाग, वाटाण्याएवढा, "द्यावे, मग लेप द्यावा."

सटवोजी म्हणाला, "पंत, तीन कोरडे काय?"

"कोरडे म्हणजे कोरडे. आसूड. घोड्यास देतात ते."

"कोब्यास?"

"लिहिले आहे."

"आणि हा डाग?"

"डाग वाचण्याचा आमच्याकडे प्रघात नाही," रंगोपंत बोलिले, आणि पत्राची घडी घातली.

तृतीयेस घासणे जाहले. झाडूवाल्यांची मुकादम तुकाक्का ही पंचेचाळीस बायका घेवोन उतरली आणि पहाटेपासोन दिवेलागणीपर्यंत कोबा ऐसा घासला की थोरल्या महाराजांचे वेळच्या मांजराची पावले, सिमेंट ओले असता उमटलेली, पुन्हा दिसो लागली. सांजेस तुकाक्काने पितळेचे एक ताट कोब्यावर उपडे घातले आणि सकाळी सटवोजीपुढे उचलिले. ताटाचे पोटास थेंबच थेंब.

"बगा, ताट रडतंया," ती म्हणाली. "वरनं वाळलाय, पोटात पानी हाय. लेप लावाल तर पानी जाईल कुठं? चांगलं ऊन द्या, तीन दीस तरी द्या."

"तुला काय कळते? पत्रात तीन कोरडे द्यायला सांगितले आहेत."

"फटके? कोब्याला?" तुकाक्काने पदर तोंडास लाविला. "त्यानं काय केलंय वो? सरळ पडून ऱ्हातंय बिचारं. पडतात ते तुमी."

आता येथे सटवोजीचे मन पाहिले पाहिजे. ताट त्याने पाहिले होते. थेंब बोटाने पुसोन पाहिले होते, ते ओलेच होते. परंतु तीन दिवस देवोन मध्ये सर आली तर पुन्हा तीन दिवस, आणि दसरा तो दारात. आणि तीन फटक्यांस लागते अर्धी घटका. ज्या वाचनात आपली सोय, तेच वाचन शुद्ध, ऐसे मनुष्यास फार लवकर पटते. सटवोजीस तर चौकाचे दोन फेऱ्यांत पटले. ताट त्याने तुकाक्काचे हाती दिले आणि म्हणाला, "हे तू घासून ठेव."

मग चतुर्थीस चौघडा लाविला, शस्त्रागारातोन आसूड काढिला, त्यास बुरशी आली होती ती पुसली, आणि पागेचा जमादार मध्ये उभा राहिला. मानकऱ्यांत मसलत पडली की फटके एके ठिकाणी तीन की प्रत्येक कोपऱ्यास तीन; एक म्हणे, "शेवाळ जिद्दी, त्यास धाक पाहिजे"; दुसरा म्हणे, "पहिला गुन्हा आहे, हलके मारा." शेवटी मध्यावर तीन मारिले, आणि कोब्याने हूं की चूं केले नाही, यावरोन त्यास अपराध मान्य आहे ऐसे रंगोपंतांनी लिहोन घेतले. मग चारही पिंपे ओतोन लेप दिला. दोन पातळ हात द्यावे ऐसे पिंपावर छापिले होते, परंतु राजवाड्यास पातळ देणे बरे दिसेना, म्हणोन एकच हात दिला, बासुंदीसारखा जाड. कोबा ऐसा चमकला की मानकरी खाली वाकोन मिशा पाहो लागले. महाराज सज्ज्यातोन बोलिले, "वाहवा!" सटवोजीने त्या दिवशी दोन वेळ जेवताना तेच सांगितले, आणि मेहुणा न जेवता गेला.

षष्ठीस कोबा दुधासारखा पांढरा जाहला. मग त्यास फोड आले, लहान करवंदाएवढे आणि थोर लिंबाएवढे, आणि सप्तमीस ऊन पडताच पोटातील पाणी वर येवोन फोड फुटले, आणि लेपाचे पापुद्रे उडोन देवडीवरील शिपायाच्या मिशांस लागले. मेहुणा चौकात आला, एक पापुद्रा उचलिला, उजेडात धरिला आणि म्हणाला, "दाजी, साल निघते आहे. फळ पिकले वाटते."  सटवोजी उठोन थेट झाडूवाल्यांचे पडवीत गेला आणि तुकाक्कापुढे उभा राहिला.

"आक्का, काय करू?"

"आता इचारताय?"

"आता विचारतो आहे."

तिने सुपारी गालात सारली आणि म्हणाली, "ह्यो सगळा खरवडायचा, तारेच्या ब्रशानं. दसऱ्याला लेप न्हाई. खरबरीत उघडा कोबा न्हाई घसरत, चमकता घसरतो. लेप मागनं, वाळल्यावर."

मग सप्तमीची दुपार आणि अष्टमी आणि नवमी, पंचेचाळीस बायका आणि एक चौकनीस, कासोटा खोवोन, तारेचे ब्रश घेवोन खरवडीत राहिले. सटवोजीचे बोटांस अकरा ठिकाणी सालटे निघाले आणि पागोटे कोठे पडले त्याचा पत्ता नाही. दशमीस व्याही आले, तीनशे माणसे, जरीचे जोडे, आणि कोबा राखाडी, खरखरीत, काही शोभा नाही. परंतु तीनशेही जण ताठ उभे गेले आणि ताठ उभे आले. महाराज संतोषले, भर दरबारी बोलिले, "कोरड्यांचा गुण! सटवोजीस शेला द्या. आणि यापुढे राज्यातील सर्व पायऱ्या, घाट आणि गच्च्या यांस वर्षास तीन कोरडे द्यावे." रंगोपंतांनी टाक बुडविला. मेहुण्याने कपाळास हात लाविला. चौकनिशी वाचली होती; शेला खांद्यापासोन वीतभर दूर होता; सटवोजीने फक्त उगे राहावयाचे होते, आणि उगे राहणे हे तर त्याचे घराण्याचे तीन पिढ्यांचे काम.

त्याने मागे पाहिले. दाराशी तुकाक्का हातात झाडू घेवोन उभी होती आणि त्याजकडे पाहातही नव्हती. पुढील वर्षी किती जणींनी किती घाट खरवडायचे, ते बोटांवर मोजीत होती.

"महाराज," सटवोजी बोलिला, "फटक्यांनी काही जाहले नाही. पत्रात 'तीन कोरडे दिवस' असणार, 'दिवस' ओलीने खाल्ला. कोबा ओला होता. मला दिसत होते. ह्या आक्कांनी सांगितले, मी ऐकिले नाही. आणि साठ वर्षे दफ्तरी आम्ही कोरडा लिहितो तोही बहुतेक दिवस ओलाच असतो."

दरबारात सर्वांनी ऐशा माना खाली घातल्या की व्याह्यांस वाटले प्रार्थना आहे. महाराज म्हणाले, "म्हणजे साठ वर्षे तुम्हास कोबा कळत नाही?"

"नाही."

"कोणास कळतो?"

सटवोजीने बोट दाखविले. महाराज म्हणाले, "मग चौकनिशी त्यांची." मेहुणा अर्धा उठला होता तो तैसाच बसला. तुकाक्का पुढे आली आणि म्हणाली, "मला ल्हिता येत न्हाई, सरकार. ल्हियाला हे ऱ्हाऊ देत. सांगंन मी."

"चालेल," महाराज बोलिले, "परंतु नोंद आक्का सांगतील तीच." आणि शेला दोघांत कैसा द्यावा हे न कळोन परत संदुकीत गेला.

कार्तिकात वारा फिरला. सटवोजीने लेपकऱ्याकडोन दोन नवी पिंपे आणविली, कोबा धुतला, आणि तीन दिवस चौकाचे दार लाविले. महाराज, राणीवसा आणि मानकरी मागील दाराने, पाणक्यांचे वाटेने येत जात. चौथे दिवशी सकाळी महाराज स्वतः दाराशी आले. आत तुकाक्काने ताट उचलिले आणि त्याचे पोटावरोन हात फिरविला.

"काय सांगता, आक्का?" सटवोजीने विचारिले.

"अजून न्हाई."

सटवोजीने दाराची फट उघडिली आणि म्हणाला, "महाराज, अजून नाही." महाराजांनी बोटभर उघड्या फटीतोन कोबा पाहिला, तुकाक्काकडे पाहिले, आणि जोडे हातात घेवोन मागील दाराकडे चालो लागले.

एकूण तात्पर्य ते इतके: कोबा सहावे दिवशी सुकला, लेप दोन पातळ हातांत बसला, दफ्तरी त्या वर्षी "ओला" ऐसी नोंद दोनशे अठ्ठ्याण्णव वेळ जाहली, आणि पडले कोणी नाही. लिहिण्यात ओलीने काही खाल्ले असल्यास वाचणाराने आपले सोयीचे न भरता पुसोन घ्यावे. बहुत काय लिहिणे, हवा दमट आहे.