शेठ तीन, बाल्कनी एक

इमारतीचा फोटो काढावा तर तो निशांतनेच, अशी माझी ठाम समजूत होती. हा निशांत म्हणजे मीच! त्यामुळे शिरवण्याच्या गोटीराम शेठनी वास्तुशांतीच्या होर्डिंगसाठी नव्या बिल्डिंगचा फोटो मागितला तेव्हा मी म्हटलं, "शेठ, असा काढतो की लोक रस्त्यात थांबतील!" थांबले. ते पुढे सांगतो.

खरं तर मला बिल्डिंगपेक्षा शेठची मुलगी जागृती आवडत होती. तिचीही ना नव्हती, घोडं अडलं होतं शेठपाशी. फोटो जमला की त्याच आनंदात मागणी घालायची, असा माझा बेत!

बिल्डिंग काही एका फोटोत मावेना. म्हणून डावी, मधली, उजवी बाजू वेगवेगळी टिपायची, तीही प्रत्येक वेळी एकदा अंधारी, एकदा मध्यम, एकदा उजळ. मग घरी कॉम्प्युटरवर सगळं एकमेकांवर बसवून जोडायचं. मी ओरडलो, "कोणीही हलायचं नाही हं!"

संध्याकाळ अशी उतरली होती की सिमेंटसुद्धा गुलाबी दिसावं. खाडीकडून मंद वारा येत होता, खिडक्यांत एकेक दिवा लागत होता आणि मधल्या बाल्कनीत जागृती निरांजन धरून उभी होती. ती बाल्कनी तिन्ही बाजूंच्या फोटोत येत होती. मी फोटो काढत होतो की झोपेत चालत होतो, देव जाणे!

शेठ मात्र कॅमेरा वळला की लगबगीने तिकडे जाऊन हात जोडून उभे!

"शेठ, एका जागी थांबा ना!"

"आरं, मालक मी हाय! कॅमेरा जिकडं, तिकडं मालक नको?"

घरी जोडायला बसलो. जोडताना खुणा पटवाव्या लागतात, या फोटोतला कोपरा त्या फोटोतल्या कोपऱ्यावर. मी पहिली खूण केली जागृतीच्या डुलावर. दुसरी हनुवटीवर. तिसरी तिच्या निरांजनावर. बिल्डिंगचे कोपरे राहूनच गेले! त्याच तंद्रीत फोटो शेठना पाठवला. त्यांनी चष्म्याशिवाय पाहिला, अंगठा पाठवला आणि होर्डिंग नाक्यावर चढलं.

सकाळी शेठच्या बहिणीने, पुतळा आत्याने, दारातच हंबरडा फोडला. "माजा भाऊस गेला गो!"

तोंडात ब्रश घेऊन शेठनीच दार उघडलं. "कोन गेला?"

आत्या किंचाळली! मागून कळंबोलीचे व्याही पांढरी फुलं घेऊन आले. होर्डिंगवर फोटोवर फोटो बसून फिकट, आरपार झालेला माणूस, हात जोडलेले. आपल्याकडे याचा अर्थ एकच! वर तो माणूस तीन ठिकाणी! खालचं वास्तुशांतीचं निमंत्रण वाचतो कोण?

शेठनी मला नाक्यावर बोलावलं. लग्न गेलं, आता जीव तरी वाचावा! शेठ चष्मा लावून बराच वेळ होर्डिंग न्याहाळत राहिले.

"भिंती हालल्यान. खिरक्या हालल्यान. मी तं पार भूत झालोय," ते सावकाश म्हणाले. "मंग ही एकटी आमची पोरगी कशी नाय हालली?"

शेठसोबत आलेली जागृती हळूच वडिलांना म्हणाली, "दादा, ते बोलले होते ना, हलायचं नाही."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा होर्डिंगकडे पाहिलं.

"उद्या आईबापाला घेऊन ये. पन कॅमेरा घरी ठेव!"

लग्नाचे फोटो अर्थातच दुसऱ्याने काढले. स्टेजवर मला सूचना एकच होती: हलायचं नाही!