मेट्रनची हिरवी जुडी

आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन नोरा वर्षातून एक दिवस छातीवर पालेभाजी लावून ड्यूटीवर यायच्या.

म्हणजे मला ती पालेभाजीच वाटायची. सतरा मार्च, सेंट पॅट्रिकचा सण. कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मवर तीन-तीन पानांची छोटी जुडी, सेफ्टी पिनने टोचलेली. शॅमरॉक म्हणतात त्याला. आयरिश माणसाची ती खूण. त्यांची आई ती ओल्या कापसात गुंडाळून, डब्यात घालून आयर्लंडहून थेट इथे बहरीनला पाठवायची. एरवी टोपी जरा तिरकी दिसली तरी आम्हा नर्सना झापणाऱ्या बाई त्या दिवशी वॉर्डावॉर्डातून मिरवायच्या.

कुणी चुकून "तुम्ही ब्रिटिश लोक" म्हणालं की संपलं. "आयरिश," त्या म्हणायच्या. "ब्रिटिश मफी." मफी म्हणजे नाही. अरबी त्यांना एवढंच यायचं.

मला हेवा वाटायचा. स्कॉटिश डॉक्टर सणाला चौकड्यांचा घागरा घालून आला तरी लोक कौतुक करायचे. वेल्सची फिजिओथेरपिस्ट कांद्याच्या जाड पातीसारखं काहीतरी लावून यायची, तेही खपायचं. मी वसईची, एक केरळची, एक गोव्याची. आम्ही सगळ्या मेट्रनच्या लेखी "इंडियन गर्ल्स". आणि घरून डबा? माझ्या घरून फक्त फर्माइशी यायच्या. टेपरेकॉर्डर आण, सेंट आण.

एका वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मेट्रननी मला चादरींच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"फिलोमिना, इथल्या बाजारात तीन पानांचं काही मिळतं?"

"यंदा डबा नाही आला?"

"येणार नाही. आई नाताळानंतर गेली."

मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "उद्या जुडी दिसली नाही तर सगळे विचारतील. मला ड्यूटीवर रडायचं नाही."

बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या बाजारातून मी मेथी आणली. सकाळी कोवळे शेंडे खुडून मीच टोचले.

स्कॉटिश डॉक्टरनं जवळ येऊन हुंगलं. "मेट्रन, यंदा शॅमरॉकला करीचा वास येतोय."

"तुम्ही आधी चार्ट वाचता येईल असा लिहा," मेट्रन म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

उरलेली मेथी टाकायची कशाला, म्हणून संध्याकाळी भाजी केली आणि डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. त्यांनी एक चमचा तोंडात घातला.

"कडू आहे."

मी डबा उचलायला गेले, तर त्यांनी तो मांडीवर ओढून घेतला आणि खाता खाता आईबद्दल बोलायला लागल्या.