रामटेके साहेबांचा हात

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीवरून हात फिरवल्याशिवाय रामटेके साहेबांना पुढे जाता येत नसे. खिशात पांढरा सुती हातमोजा असे; तो चढवून, डोळे मिटून ते दरवाजाच्या पत्र्यावरून तळवा सावकाश नेत. सीताबर्डीत एकदा मालकाने हटकले, "काका, गाडी आहे, म्हैस नाही." साहेब शांतपणे म्हणाले, "म्हैस बरी गा. तिच्या पाठीत खळगा असला तरी गिऱ्हाईक परत नाही पाठवत."

आम्ही दोघे हिंगण्याच्या एका कारखान्यात आहोत. तेथे पोलादी पत्रा साच्यात दाबून मोटारींचे दरवाजे घडवतात. दरवाजावर केसाएवढा खळगा राहिला, तरी रंग चढल्यावर तो उन्हात उठून दिसतो. डोळ्यांना न दिसणारा हा खळगा साहेबांच्या बोटांना कळत असे. त्यांच्या होकाराशिवाय माल पुढे जात नसे. मी त्यांच्या हाताखाली नोंदी ठेवतो.

नवा पत्रा आला आणि साहेबांची झोप उडाली. गाडी हलकी हवी म्हणून तो पातळ, आणि अपघातात टिकावी म्हणून कणखर. जुना पत्रा दाबला तसा बसे; हा साच्यातून सुटताच मूळ आकाराकडे थोडा मागे फिरतो, आणि फार ताणला तर कोपऱ्यात फाटतो. "दटावलं तर फाटते, लाड केले तर फिरते," साहेब म्हणत. "घरी दोन पोरं वाढवली, पण असं पोरगं नाही पाह्यलं." जेवताना ते पोळी दुमडून सोडत आणि ती कितपत उलगडते हे निरखत बसत. भाजी तोवर थंड होई.

खरी काळजी मात्र निराळी होती. कारखान्याच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसतो, म्हणूनच ती मला कळली. मधुमेहाने त्यांची बोटे बधिर होऊ लागली होती. वाटेतल्या मोटारी ते आता बोटे जागी आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी चाचपत. "आज खळगा लागला," असे ते म्हणाले की माझाही दिवस बरा जाई.

नव्या दरवाजाच्या चाचणीला गिऱ्हाईक कंपनीची माणसे आली. शेजारीच मोजणीचे नवे यंत्र होते. त्याच्या पडद्यावर हँडलखाली खळग्याचा लाल ठिपका उमटला होता, आणि साहेबांची नजर त्यावरून गेलेली मला दिसली. त्यांनी दरवाजावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. 'हँडलखाली' एवढे म्हटले असते तरी निभावले असते.

"मले काही लागून नाही राह्यलं," साहेब म्हणाले. "यंत्राचं लिहा."

मॅनेजर सौम्यपणे म्हणाले, "ठीक आहे साहेब. उद्यापासून यंत्रावरच जाऊ."

परतताना बसमध्ये मी भीतभीत विचारले, "ठिपका तर दिसत होता. सांगून का टाकलं नाहीत?"

साहेबांनी खिशातला हातमोजा काढून त्याची घडी घातली.

"सकाळी नातीच्या कपाळाले हात लावला गा. सुनेले म्हटलं, काही नाही, जाऊ दे शाळेत. मंग तिनं हात लावला, तर पोरगी तापून राह्यली होती."

वाडीच्या नाक्यावर ते मध्येच उतरले, मीही उतरलो. औषधाच्या दुकानात त्यांनी थर्मामीटर मागितला. "बरोबर दाखवते ना गा?"

"नवा आहे काका. लावून पाहा," दुकानदार म्हणाला.

साहेबांनी तो माझ्या हाती दिला. रस्त्याकडेला उभा राहून मी तो काखेत धरला. तो वाजेपर्यंत त्यांचा हात माझ्या कपाळावर होता.